चिनी टंबाटीच्या नोंदी

१२ फेब्रुवारी २०२३, वाईजवळ, आजोळी

सकाळी परड्यात गेले तर कारवीच्या काठ्यांना सुतळीने बटाटे बांधलेले. मामीला म्हटलं, बटाट्याला कधीपासून आधार लागायला लागला? मामी हसत सुटली. "आगं, टंबाटी हाय ती. चिनी टंबाटी. खाल्लीयास की तू."

खाल्ली असेन. पान मात्र कधी नीट बघितलं नव्हतं. टोमॅटोचं पान कातरलेलं, दातेरी असतं. हे रुंद, सरळ कडांचं, हुबेहूब बटाट्याचं. फळ चपटं, देठाकडे खोल कंगोरे, रंग लाल म्हणावा तर नाही, पिकलेल्या पेरूच्या गरासारखा गुलाबी. मामाच्या तराजूवर सगळ्यात मोठं ३४० ग्रॅम भरलं. कापल्यावर गर जास्त, पाणी कमी. आंबटपणा आहे, पण मागून येतो.

"चिनी का?" तर मामांची हकिकत अशी: पणजोबा बैलगाडीने भाजी घेऊन पसरणी घाट चढून महाबळेश्वरला जायचे. तिथे इंग्रजांच्या तुरुंगात चिनी कैदी होते, ते भाजी पिकवायचे, त्यांच्याकडून हे बी आलं. ऐकताना अंगावर काटा आला. म्हणजे सावध राहायला हवं. वही आजपासून सुरू.

१३ फेब्रुवारी २०२३, पुणे

तीन फळं पिशवीतून न चेंगरता आली. स्वयंपाकघरात जेवढी तपासणी होते तेवढी केली.

साल: उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून सोलली आणि खिडकीशी धरली. पूर्ण पारदर्शक. बाजारातल्या टोमॅटोची साल अशीच धरली तर पिवळी दिसते. गर दोघांचा लालच. फरक सालीचा, आणि तेवढ्यावरून एक फळ लाल दिसतं, एक गुलाबी.

खांदे: अर्धवट पिकलेल्या फळाचे खांदे, म्हणजे देठाभोवतीचा भाग, गडद हिरवे. हा जुनेपणाचा पुरावा ठरू शकतो. विसाव्या शतकात पैदासकारांनी एकसारखं पिकणारं फळ निवडत निवडत हे हिरवे खांदे घालवले. (त्याबरोबर थोडी गोडीही गेली, हे २०१२ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात दाखवलं आहे. मामीला हे सांगितलं तर म्हणेल, त्याला अभ्यास कशाला पायजे.)

देठ: मध्ये गाठ आहे, तिथेच मोडतो. काही आधुनिक वाणांत ही गाठ नसते.

वाढ: मामी म्हणते, काठी संपते पण झाड संपत नाही. ठरावीक उंचीला थांबणारी झुडपी जात १९१४ साली फ्लोरिडात आपोआप सापडली आणि मग जगभर गेली. आपली त्या घराण्यातली नाही.

एकूण काय, आधुनिक वाणाची एकही खूण यात नाही. पण खूण नसणं म्हणजे वय सिद्ध होणं नव्हे. अमेरिकेत असे जुने वाण आजही शेकड्यांनी लावतात आणि त्यांचं बी पोस्टानेही येतं.

५ मार्च २०२३

सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर, १८८५ सालचं, दिवसभर. कैद्यांची गोष्ट खरी आहे! महाबळेश्वरला १८३४ ते १८६४ तुरुंग होता, त्यात समुद्रापलीकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी होते. ते बागा करत, बटाटे आणि इंग्लिश भाज्या पिकवत. चायनामन्स फॉल हे धबधब्याचं नाव त्यांच्यावरूनच. शाळेच्या सहलीत तिथे फोटो काढला होता, तेव्हा कुणी हे सांगितलं नव्हतं.

पण 'इंग्लिश भाज्या'मध्ये टोमॅटो होता असं माझं मन म्हणतं, कागद म्हणत नाही. आणि हिशेब बसत नाही. तुरुंग १८६४ ला बंद. माझे पणजोबा, मामांच्या अंदाजाने, १८९५ च्या आसपासचे. कैद्याच्या हातून त्यांना बी मिळणं अशक्य. त्यांच्या वडिलांना मिळालं असेल, असं मामा लगेच म्हणाले. हकिकतीला एक पिढी मागे ढकलणं फार सोपं असतं.

शब्दाचाही थोडा माग काढला. आमच्याकडे टंबाटी, वऱ्हाडात भेदरं, आणि जुन्या मराठीत वेलवांगी. वेलवांगी हे नाव मला फार आवडलं. ज्याने ते ठेवलं त्याने पाहुण्याला थेट घरातल्याच्या शेजारी नेऊन बसवलं, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही तो चुकला नाही, दोघंही सोलॅनमच.

१८ जुलै २०२३

नोंद करण्यासारखं काही नाही. टोमॅटो किलोला शंभराच्या वर. ऑफिसात सगळे मला म्हणतायत, तुझ्या त्या चिनीचं काय झालं? चिनी डब्यात आहे, फ्रिजच्या दारात.

२ सप्टेंबर २०२३

पेरणी. फेब्रुवारीत फळांचं बी काढून तीन दिवस पाण्यात आंबवलं होतं, वरचा बुळबुळीतपणा सुटला की धुऊन ताटलीत वाळवलं. मामीची पद्धत वेगळी: पिकलेलं फळ राख मिसळलेल्या शेणात पिळायचं, गोवरी थापायची आणि ती छपराखाली खोचायची. पावसाळा संपता संपता गोवरी फोडून वाफ्यात टाकायची. उगवण तिचीही चांगली असते, मोजता तेवढी येत नाही.

७२ कप्प्यांचा ट्रे, कोकोपीट, एका कप्प्यात एक बी.

१९ सप्टेंबर २०२३

६४ उगवली. पानं मोजली आणि घाबरले: १५ रोपं साध्या पानाची वाटतायत!

२८ सप्टेंबर २०२३

आधीची मोजणी रद्द. घाई केली. पहिल्या दोन खऱ्या पानांवरून काही ठरत नाही, चौथं-पाचवं पान येईपर्यंत थांबावं लागतं. आज मोजलं: ६० बटाटापानाची, ४ साध्या पानाची.

ही ४ रोपं म्हणजे या प्रकल्पाला मिळालेली भेट आहे. बटाटापान हा अप्रभावी गुण. आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. म्हणजे बटाटापानाच्या झाडावरच्या बीतून साध्या पानाचं रोप आलं, तर त्याचा बाप बाहेरचा. कुठलीही प्रयोगशाळा नको, नुसते डोळे पुरतात. चौसष्टात चार, शंभरी सहा. टोमॅटो बहुतेक वेळा स्वतःच स्वतःला फळवतो, त्या मानाने हे बरंच आहे.

चारही वेगळ्या कुंड्यांत लावली. फळं बघू.

१९ नोव्हेंबर २०२३

सहा टक्क्यांचं कारण भिंगातून दिसलं. हल्लीच्या टोमॅटोत कुक्षी परागकोषांच्या नळीत आत दडलेली असते. चिनीत ती नळीबाहेर डोकावते, टाचणीच्या डोक्याएवढी. गच्चीवर निळ्या पट्ट्यांची माशी येते, फुलाला लोंबकळून गूंऽऽ करते आणि पराग पिठासारखा झडतो. मधमाशीला हे जमत नाही, तिच्याकडे तो थरकाप नाही. मामीच्या परड्याला लागूनच शेजाऱ्यांचं हायब्रीड टोमॅटोचं रान आहे. माशीला बांध कळत नाही.

आज आठ फुलगुच्छांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या. यापुढचं बी यांचंच.

१० डिसेंबर २०२३, आजोळी

आज्जीशी बोलले. ब्याण्णव वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण चव विसरलेली नाही. मी पहिली पिकलेली दोन फळं नेली होती. तिच्या हातात दिली.

"ही व्हय चिनी? ही न्हवं."

मामी म्हणाली, "आत्याबाई, हीच की. इतकी वरसं लावतोय."

"तू लावतीस ती ही. माझी न्हवं. माझी बारकी. चपटी, लिंबाएवढी, न्हाई तर जरा मोठी. आंबट ढाण. पाऊस पडला की तडकायची. सार करावं तर तिचंच."

पान कसं होतं, विचारलं. आज्जी माझ्याकडे बघतच राहिली. "टंबाटीचं असतं तसं. अजून कसं असणार?"

घरात थोडं वातावरण तापलं. मामा म्हणाले, तिला आता आठवत नाही. मला तसं वाटलं नाही. 'सार करावं तर तिचंच' असं बोलणारी बाई गोंधळलेली नसते. पण आठवण ती आठवण.

'चिनी' या नावाबद्दल आज्जीने वेगळंच सांगितलं: सासूबाई तिचं लोणचं चिनी मातीच्या बरणीत घालायच्या, म्हणून. कैद्यांचं तिने कधी ऐकलेलं नाही. आता दोन कारणं झाली. दोन्ही ऐकायला छान, म्हणून तूर्त दोन्ही बाजूला ठेवते.

२६ जानेवारी २०२४, आजोळी

सुट्टी सार्थकी लागली. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली. धाकट्या मावशीच्या हळदीचे काळे-पांढरे फोटो, मागे निळ्या शाईत फेब्रुवारी १९७९. एका फोटोत चार बायका परड्यात उभ्या आहेत, सगळ्यात डावीकडची नऊवारीतली आज्जी. तिच्या गुडघ्याशी काठीला बांधलेलं झाड, त्यावर लहान फळं.

फोटो उजेडात धरून फोनने जवळून टिपला आणि मोठा करून बघितला. पानाची कड दातेरी. एक नाही, निदान पाच पानं स्पष्ट दिसतात. साधं पान!

रंगीत फोटो असता तर मी फळाच्या रंगावरून डोकं फोडत बसले असते. पानाला रंग लागत नाही.

मामांनी लगेच वकिली केली: बटाटापान अप्रभावी आहे असं तूच म्हणतेस, मग ते आत लपलेलं असेल, नंतर बाहेर पडलं. प्रश्न चांगला आहे. पण टोमॅटोत असं लपून फार दिवस राहता येत नाही. एका झाडात लपलेलं असेल तर त्याच्या बीतून आलेल्या दर चार रोपांत साधारण एक बटाटापानाचं निघणार, पहिल्याच वर्षी. आज्जीने ते बघितलं असतं. आणि कुणी त्यातली साधीच रोपं ठेवत गेलं, तर आठ-दहा पिढ्यांत तो गुण निपटत जातो.

तेव्हा निष्कर्ष, पेन्सिलीने: १९७९ ला या परड्यात जी टंबाटी होती ती ही नव्हे. ही नंतर आली आणि हिने आधीचीचं नाव घेतलं.

२ फेब्रुवारी २०२४

मावशीला फोन. हळद तिचीच, त्यामुळे फोटोवरच अर्धा तास गेला. मग सहज विचारलं, माहेरी कधी कसलं बी नेलं होतंस का?

"बी? नाही गं." थोडं थांबून: "थांब. एडिसनहून आले तेव्हा नेलं होतं. शेजारची म्हातारी बाई टोमॅटो द्यायची, केवढाले! मी टिश्यू पेपरवर बी वाळवलं आणि आईला दिलं. पण ते तुमच्याकडे लागलंच नाही म्हणे."

काका अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला कामाला होते, दोघं १९९२ साली परत आली. शेजारणीचं नाव तिला आठवतं, टोमॅटोचं विचारलंच नव्हतं. रंग? "गुलाबीसर." पान? "पान मी कशाला बघू?"

मग मामीला फोन. "लागलं न्हाई कसं? आत्याबाईंनी टाकून दिलं हुतं, इदेशी म्हणून. मीच चुलीमागनं उचलून चिनीच्या वाफ्यात टाकलं." आणि पुढे, अगदी सहज: "त्या वरसी चिनी करप्यानं समदी गेली. ही तेवढी ऱ्हायली."

मी फोन ठेवून बराच वेळ नुसती बसले. एक वर्ष मी गॅझेटियर चाळत होते आणि उत्तर मामीकडे होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं एवढंच. मीसुद्धा. मामांना विचारत राहिले.

१८ फेब्रुवारी २०२४

अमेरिकेतल्या गुलाबी, बटाटापानाच्या, मोठ्या टोमॅटोंत पहिलं नाव येतं ब्रँडीवाइनचं. हे नाव फिलाडेल्फियाच्या एका बियाणे कंपनीच्या १८८९ च्या कॅटलॉगात आहे. आज लोक लावतात तो गुलाबी प्रकार मात्र ओहायोच्या बेन क्विझेनबेरी या वयोवृद्ध बागायतदाराकडून १९८० च्या दशकात बी जपणाऱ्यांच्या हातात गेला. एडिसनच्या शेजारणीकडे तो असणं अगदी शक्य आहे. तसे दुसरेही पुष्कळ आहेत. 'शक्य'च्या पुढे जायचं तर शेजारी शेजारी लावून बघावं लागेल.

साध्या पानाच्या त्या चार झाडांची फळं आली. गोल, लाल, कडक सालीची, ८०-९० ग्रॅमची, कंगोरा नाही. बाप शेजारच्या रानातलाच, शंका नाही. त्यांचंही बी ठेवलं.

मामीला सांगितलं की तुझ्या चिनीत दर वर्षी भेसळ होते. तिला ठाऊक होतं! "वाफ्यात बटाट्यावानी पान नसलं की उपटून टाकते. ती भेसळ." तीस वर्षं ही बाई दर हंगामाला संकर वेचून फेकते आहे. बियाणे कंपन्या या कामाला पगारी माणसं ठेवतात. मी भिंग आणि मलमल घेऊन जे करते ते ती वाकून, चहा उकळेपर्यंत करते.

१४ सप्टेंबर २०२४

दुसरा हंगाम. तीन ओळी: चिनी (मलमलीतलं बी), ब्रँडीवाइन, आणि संकराच्या झाडांचं बी.

ब्रँडीवाइनचं ऑनलाइन मागवलेलं पाकीट: २० बिया, १६ उगवल्या, सोळाच्या सोळा साध्या पानाच्या. पाकिटावर फोटो मात्र फार सुंदर. विक्रेत्याचं उत्तर, 'हवामानानुसार पान बदलू शकते'. बदलत नाही. मैत्रिणीच्या मुलीकडून दुसरं बी मिळालं, ते तीन आठवडे उशिरा पेरलं. आता तुलनेत हा उशीर वजा करावा लागणार.

१३ ऑक्टोबर २०२४

संकराचं बी: ४० रोपं, २९ साधी, ११ बटाटापान. तीनास एक. शाळेत मेंडेल वाटाण्यावर शिकलो आणि पाठ करून विसरलो. आज गच्चीवर ट्रेसमोर उकिडवी बसून मोजताना पहिल्यांदा कळलं.

एक अडचणही कळली. या ११ रोपांना मामीने उपटलं नसतं. पान बरोबर, पण अर्धं रक्त हायब्रीडचं. एखाद्या वर्षी तिच्या नजरेतून एक साधं झाड सुटलं असेल, तर पुढच्या वर्षी त्याची बटाटापानाची पोरं राजरोस चिनी म्हणून वाढली असतील. म्हणजे १९९२ चं बी जसंच्या तसं आज आहे, असंही म्हणता येत नाही.

२ फेब्रुवारी २०२५

तुलना, प्रत्येकी सहा झाडं. पान सारखं, साल दोन्हीकडे पारदर्शक, हिरवे खांदे दोन्हीकडे. चिनीचे कंगोरे जास्त खोल. पहिलं फळ पिकायला रोप लावल्यापासून चिनीला ७९ दिवस, ब्रँडीवाइनला ९३. एका झाडाला सरासरी फळं: चिनी ११, ब्रँडीवाइन ४. पुण्यात ऑक्टोबरच्या उकाड्यात ब्रँडीवाइनची फुलं नुसती गळत होती. चवीत घरच्यांनी डोळे मिटून खाऊन पाच जणांनी पाच मतं दिली, ती नोंदवत नाही.

मामी बी कुठल्या फळाचं धरते? "पयल्या पिकल्याचं." नेहमी? "नेहमीच. मागची फळं पोरं खात्यात." तीस वर्षं पहिल्या पिकल्याचं बी धरलं तर जात लवकर पिकायला लागते, आणि वाईच्या हवेत ज्याला फळ धरत नाही त्याचं बी मागे राहतच नाही. की हा लवकरपणा शेजारच्या हायब्रीडने दिला? दोन्ही असेल. वहीत 'ब्रँडीवाइन वर्गातलं, न्यू जर्सीहून, १९९२, वाईला बदललेलं' असं लिहिलं. त्यातलं 'ब्रँडीवाइन वर्गातलं' पेन्सिलीने, बाकी पेनने.

९ फेब्रुवारी २०२५, मेढ्याच्या बाजूला

आज्जीच्या थोरल्या बहिणीचं घर. आज्जी म्हणाली होती, तिनं माझ्याकडनं बी नेलं होतं, धोंडी गेला त्या साली. धोंडी म्हणजे बैल. साल कुणाला सांगता येईना.

बहीण आता नाही, तिच्या सुनेने परडं दाखवलं. कडेला, शेवग्याच्या बुंध्याशी, कुणी न लावलेली दोन झाडं. दातेरी पान. फळ चपटं, लिंबाहून थोडं मोठं, सहा कप्पे, लाल. एक चावलं आणि डोळे मिटले गेले इतकं आंबट.

"काय म्हणता हिला?"

"काय म्हणायचं? गावठी."

चिनी हा शब्द त्या घरात कुणालाच माहीत नाही.

सात फळं आणली. वाटेत वाईला उतरून आज्जीला एक दिलं. तिने वास घेतला, नखाने साल दाबली आणि मामीला म्हणाली, "सार कर." केलं. आज्जी दोन वाट्या प्याली, पण हीच का, या प्रश्नाला काही केल्या उत्तर दिलं नाही. "बरं झालंय," एवढंच.

१२ फेब्रुवारी २०२५, पुणे

आंबवून, धुऊन, वाळवून पाकिटं केली.

पहिलं: 'चिनी, मामीची. गुलाबी, बटाटापान. २०२५. मलमलीतलं. १४० बिया.'

दुसऱ्यावर 'चिनी, आज्जीची' लिहिलं होतं, ते खोडलं. आता त्यावर आहे: 'गावठी. मेढ्याच्या बाजूचं परडं, शेवग्याखाली. लाल, साधं पान, सहा कप्पे. २०२५. २११ बिया.'

सप्टेंबरमध्ये दोन्ही पेरायची. कारवीच्या काठ्या मामीकडून आणायच्या.